वय झालेल्या आवाजाची बाजू

दादरमध्ये सल्ला फुकट मिळतो, आणि त्यातला सर्वांत लोकप्रिय सल्ला म्हणजे ‘कुठे थांबायचं ते कळायला हवं’. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो फलंदाजांना मिळतो, शिवाजी मंदिराच्या पायऱ्यांवर नटांना आणि दिवाळी अंकांतून गायकांना. गेल्या दिवाळीत आमच्या एका समीक्षकमित्रांनी तो आशा भोसले यांना दिला. लेख उत्तरवयातल्या कलावंतांविषयी होता, भाषा नेहमीसारखी मुलायम होती, आणि त्या मुलायम भाषेत २००५ सालच्या ‘यूव्ह स्टोलन माय हार्ट’ या अल्बमचा एका परिच्छेदात निकाल लावलेला होता. आरोप तीन. एक, सत्तरी उलटल्यावर आपलीच जुनी गाणी पुन्हा गाण्याचं प्रयोजन काय? दोन, पंचमच्या, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या, गाण्यांना परदेशी व्हायोलिनं चिकटवणं ही भेसळ आहे. तीन, आवाज उतरल्यावर ‘दम मारो दम’ गाणं शोभत नाही.

मित्रांचं नाव घेणार नाही. दादर पश्चिमेला आम्ही दोघंही एकाच भाजीवाल्याकडे जातो आणि तो संबंध मला टिकवायचा आहे. पण त्या परिच्छेदाला उत्तर द्यायला हवं, कारण ते मत त्यांचं एकट्याचं नाही. आपल्या सुशिक्षित मराठी अभिरुचीचा तो अर्क आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ज्यांनी ती ऐकली नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी न ऐकता मत बनवलं त्यांच्यासाठीही. ‘क्रोनॉस क्वार्टेट’ हा अमेरिकेतला तंतुवाद्यांचा चौघांचा संच: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. डेव्हिड हॅरिंग्टन या व्हायोलिनवादकाने तो १९७३ साली सिअ‍ॅटलमध्ये सुरू केला. ‘चुरा लिया’चा ‘यादों की बारात’ही त्याच वर्षीचा. पुढे मुक्काम हलला सॅन फ्रान्सिस्कोला. यांना शास्त्रीय म्हणावं, तर हे लोक मैफलीत जिमी हेंड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ वाजवतात. रॉकवाले म्हणावं, तर समोर स्वरलिपीचे कागद आणि हातात गज. २००० सालच्या ‘क्रोनॉस कॅरव्हान’मध्ये त्यांनी राहुलदेव बर्मन यांची एक चाल वाजवली होती, साथीला झाकीर हुसेन. पाच वर्षांनी अख्खा अल्बमच बर्मन यांच्या गाण्यांचा केला आणि गायला आशाबाई आल्या. पुन्हा झाकीर हुसेन, शिवाय पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या वू मान. एकूण बारा रचना. ‘चुरा लिया है तुमने’, ‘पिया तू अब तो आजा’, ‘मेरा कुछ सामान’ या सर्वांच्या ओळखीच्या, काही बंगाली, आणि काही निव्वळ वाद्यांवर. क्रोनॉसचे वादक इथे गज हातात धरून स्वस्थ बसलेले नाहीत. की-बोर्ड, झांजा, घंटा तेच वाजवतात, ध्वनिमुद्रणाचे थरावर थर चढवतात आणि पंचमच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदाची जागा चौघांत भरून काढतात.

आशाबाईंना हे खूळ म्हातारपणी लागलं असंही नाही. १९९१ साली त्या बॉय जॉर्जबरोबर गायल्या होत्या. १९९६ साली अली अकबर खाँसाहेबांबरोबर त्यांनी ‘लेगसी’ केला, तोही जुन्या पारंपरिक बंदिशींचा. ‘लेगसी’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि क्रोनॉसबरोबरच्या या अल्बमलाही. ‘लेगसी’विषयी आमचे मित्र आदराने लिहितात. खाँसाहेब, जुन्या बंदिशी, गंभीर चेहरे. वय झाल्यावर माणसाने असंच काहीतरी करावं, असा तो आदर आहे.

आता थांबण्याविषयी. या शास्त्राचे आद्य आचार्य विजय मर्चंट. लोक ‘का थांबलात?’ असं विचारतात तेव्हा थांबावं, ‘का थांबत नाही?’ असं विचारेपर्यंत वाट पाहू नये, हे वचन त्यांच्या नावावर आहे. २०१३ साली सचिन तेंडुलकर वानखेडेवर आपली दोनशेवी कसोटी खेळून थांबला, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं हे वचन शिवाजी पार्कात रोज संध्याकाळी म्हटलं जात होतं. पण मर्चंट स्वतः कसे थांबले? १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या, कसोटीतली त्यांची सर्वोच्च खेळी, आणि त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला. त्यांना थांबवलं ते खांद्याने. शहाणपण नंतर आलं, आणि शहाणपणाची ती जुनीच रीत आहे.

शिवाय क्रिकेटमध्ये थांबण्याला निदान एक हिशेब आहे. अकरा जागा असतात, एकाने अडवली की दुसऱ्या पोराची जाते. गाण्यात कुणाची जागा अडते? सत्तरी उलटलेल्या बाईने अमेरिकेतल्या चौघांबरोबर एक अल्बम केला म्हणून मुंबईतल्या कुठल्या मुलीचं गाणं राहिलं?

पहिला आरोप पुनरुक्तीचा. तो ऐकून मला गंमत वाटते, कारण आमचे मित्र शास्त्रीय संगीताचे पक्के श्रोते आहेत. मल्लिकार्जुन मन्सूरांनी तेच मोजके जोडराग जन्मभर गायले. सत्तरी-पंचाहत्तरीत त्यांचा आवाज पातळ झाला होता आणि तरी त्या काळातल्या त्यांच्या मैफली ऐकल्याचं लोक फुशारकीने सांगतात. ‘अण्णा, हा राग तुम्ही पूर्वी गायला आहात’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. ख्यालगायकाने तीच बंदिश पुन्हा गायली की तो चिंतन करतो. सिनेमाच्या गायिकेने तेच गाणं पुन्हा गायलं की ती जुना माल खपवते. हा भेद संगीताचा नाही, प्रतिष्ठेचा आहे. सिनेमाचं गाणं एकदा मुद्रित झालं की संपलं, तबकडी म्हणजेच गाणं, असं आपण धरून चालतो. पण चाल ही चाल असते. ‘चुरा लिया’ची चाल तीस वर्षांनी पुन्हा उलगडून पाहण्यासारखी आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. ज्या बाईने ती चाल घडताना पाहिली आणि जिने ती सर्वांत आधी गळ्यात घेतली, तिला तो अधिकार नसेल तर कुणाला आहे?

दुसरा आरोप परदेशी व्हायोलिनांचा. दादरच्या पोर्तुगीज चर्चवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने हे लिहावं याचं मला जास्त नवल वाटतं. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला कुणी? गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळांत ते स्वरलिपी शिकले आणि मुंबईत येऊन त्यांनी आपल्या संगीतकारांच्या गुणगुणण्याला कागदावर आणलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सॅबेस्टियन डिसूझा होते. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि राहुलदेव बर्मन यांनाही. आणि व्हायोलिनवर मराठी गाणं ऐकायचं तर आपण प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ लावतोच की. म्हणजे पंचमच्या गाण्यात व्हायोलिन बाहेरून आलेलं नाही, ते पहिल्यापासून घरचंच आहे. क्रोनॉसने आणलं ते वेगळंच काहीतरी, आणि त्याकडे मी पुढे येतो.

भेसळीची ही भीती मात्र मराठी माणसाच्या फार आत बसलेली आहे. १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच. विद्वान, सज्जन, संगीताचे प्रेमी. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली. याला जोडून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ साली आशाबाई आणि क्रोनॉस यांचं ग्रॅमी हुकलं. त्या विभागात ते मिळालं ब्राझीलच्या जिल्बेर्तो जिल यांना, आणि जिल त्या वेळी ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री होते. कुठे मंत्री गाणी बंद करतो आणि कुठे मंत्री स्वतः गाऊन बक्षीस नेतो.

पण एवढ्यावर हा आरोप मिटत नाही, कारण मित्रांनी मर्ढेकरांची साक्ष काढली आहे. ‘विजातीय घटकांचा लयबद्ध मेळ न बसणे’ असे शब्द त्यांनी वापरले आहेत. मर्ढेकर हे माझे जुने दैवत, तेव्हा इथे जरा बैठक मारावी लागेल.

त्यांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे पुस्तक मराठीत पुष्कळ लोकांच्या कपाटात असतं आणि त्याहून पुष्कळ लोकांच्या लेखांत. त्यातला गाभ्याचा विचार साधा आहे. सुंदर वस्तू म्हणजे एखाद्या माध्यमातल्या घटकांची लयबद्ध रचना. ही लय तीन तऱ्हांनी साधते: संवादाने, विरोधाने आणि समतोलाने. घटक एकमेकांशी जुळतात, एकमेकांना छेद देतात, किंवा छेद देऊनही एकमेकांना तोलून धरतात. आता मराठी टीकाकारांची गंमत अशी की तीन लयींतली पहिलीच त्यांना खरी वाटते. जुळलं की सुंदर, नाही जुळलं की भेसळ. मर्ढेकरांनी कवितेत यंत्र आणि देव, उंदीर आणि संतांची भाषा एकत्र आणली तेव्हा त्यांच्यावरही हाच आरोप झाला होता. ज्या माणसाने विरोधाला सौंदर्याच्या नियमात अधिकृत जागा दिली, त्याचीच साक्ष विरोधाविरुद्ध काढायची, हे म्हणजे तुकोबांचा दाखला देऊन कर्मकांड सांगण्यासारखं झालं.

मर्ढेकरांची फूटपट्टी या अल्बमला खरोखर लावून पाहू. १९७१ सालच्या मूळ ‘पिया तू अब तो आजा’मध्ये सगळं एकाच दिशेने धावतं. पितळी वाद्यं, ताल, धापा टाकणारा आवाज, मधूनच पंचमची आरोळी. हा संवाद आहे, आणि तो अजोड आहे. क्रोनॉसच्या मांडणीत तंतुवाद्यांचे काठ धारदार राहतात. सिनेमातली व्हायोलिनं तीस-चाळीसांच्या ताफ्यात वाजतात आणि त्यांचा मऊ गालिचा होतो. इथे मोजक्या गजांचा खरखरीत स्पर्श ऐकू येतो, गज तारेवर कुठे लागला तेही कळतं. आणि या खरखरीसमोर आशाबाईंचा आवाजही आता गुळगुळीत नाही. खालच्या स्वरांत तो कोरडा झाला आहे, वरच्या स्वरांकडे तो सरळ झेप न घेता बाजूने जातो, व्यंजनं मात्र पूर्वीपेक्षा टोकदार उमटतात. दोन खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. म्हणून म्हणतो, हा विरोध आहे, आणि जिथे झाकीरभाईंचा ठेका त्या दोघांना धरून ठेवतो तिथे समतोल. मर्ढेकरांच्या तिन्ही लयी या एका अल्बममध्ये दाखवता येतात. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात नेऊन वाजवावा असा तो आहे.

आणखी एक. मर्ढेकर कलाकृतीकडे पाहताना कलावंताचं वय, संसार, पैसा, प्रतिष्ठा या गोष्टी दाराबाहेर ठेवतात. माध्यम आणि रचना, बस्स. आशाबाई सत्तरीच्या आहेत की सतराच्या, हा प्रश्न त्यांच्या सिद्धान्तात बसतच नाही. मित्रांनी मर्ढेकरांचा हात धरून सुरुवात केली आणि ‘या वयात’ म्हणत शेवट केला. ही उडी मर्ढेकरांना शोभली नसती. शोभण्याचीच भाषा करायची तर.

लेख इथे संपवला असता तर माझी बाजू नीटनेटकी झाली असती. निव्वळ नाद, निव्वळ रचना, वयाचा संबंध नाही. पण ‘मेरा कुछ सामान’ आडवं येतं.

या गाण्याची जन्मकथा सर्वश्रुत आहे. १९८७ सालच्या ‘इजाजत’साठी गुलजारांनी लिहिलेले शब्द पाहून पंचम वैतागले, की उद्या हा माणूस वर्तमानपत्र आणून देईल आणि चाल लाव म्हणेल. छंद नाही, यमक नाही, पत्रातला मजकूर वाटावा असं सगळं. शेजारी बसलेल्या आशाबाईंनी एक ओळ सहज गुणगुणली आणि तिथून चाल सापडली. या गाण्यासाठी गुलजार आणि आशाबाई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर ते अनुराधा पटेलच्या वाट्याला आलं आहे. सोडून गेलेल्या माणसाकडे आपल्या राहिलेल्या वस्तू परत मागणारी तरुण स्त्री.

१९९४ सालच्या जानेवारीत पंचम, आशाबाईंचे पती, गेले. २००५ साली आशाबाई हेच गाणं पुन्हा गातात तेव्हा ज्याच्याकडे सामान राहिलं आहे तो माणूस कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. जी चाल दोघांनी मिळून शोधली ती आता एकटीला गायची आहे. माझा मर्ढेकर इथे हात टेकतो. स्वरांची रचना, माध्यमाची शुद्धता वगैरे मनाशी घोकत हे गाणं ऐकून पाहा. जमत नाही. गाणाऱ्या बाईचं आयुष्य त्या स्वरांत शिरलेलं आहे आणि ते उपटून काढलं तर स्वरच तुटतात.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त मर्ढेकरांना घेरलं होतं ते याच मुद्द्यावर. कलेच्या विश्वाला दोन ध्रुव आहेत, असं ते म्हणतात. एक अलौकिक, जिथे कलाकृती स्वतःपुरती, स्वतःच्या नियमांनी पूर्ण असते. दुसरा लौकिक, जिथे ती आपल्या जगण्याला, सुखदुःखाला, नीतीला जोडलेली असते. कुठल्याही एका ध्रुवावर बसून सगळ्या कलेचा हिशेब लागत नाही. मी या पुस्तकाशी पूर्वी पुष्कळ भांडलो आहे. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची ती सोय वाटायची. या अल्बमपुरतं तरी पाटणकरांचं पारडं जड आहे. ‘पिया तू’ मला मर्ढेकरांच्या कानाने ऐकता येतं, ‘मेरा कुछ सामान’ येत नाही, आणि दोन्ही एकाच तबकडीवर आहेत.

तेव्हा भूमिका बदलून सांगतो. वयाचा संबंध नाही असं नव्हे. वय हाच या अल्बमचा विषय आहे. आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

पार्श्वगायन ही फार विचित्र कला आहे. गाणारीने आपला देह पडद्यामागे ठेवायचा आणि आवाज दुसरीच्या ओठांवर. नायिका दर दहा वर्षांनी बदलतात, त्या कायम विशीच्या असतात, म्हणून आवाजानेही कायम विशीचं राहायचं. ‘दम मारो दम’ आणि ‘चुरा लिया’ झीनत अमानचं. ‘पिया तू’ हेलनचं. १९९५ साली ‘रंगीला’त उर्मिला मातोंडकरचा आवाज म्हणून जो ऐकला तो बासष्टीच्या आसपासच्या बाईंचा होता, आणि आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, ‘वय कळतच नाही!’ म्हणून. ख्यालगायिकेचं कौतुक आपण असं करत नाही. गंगूबाई हनगलांचं वय स्वरास्वरांत कळत होतं आणि तेच आपल्याला हवं होतं. पार्श्वगायिकेला म्हातारं होण्याची परवानगीच नाही, कारण तिचा आवाज तिच्या मालकीचा नाही, तो पडद्यावरच्या चेहऱ्याच्या मालकीचा आहे.

यावर कुणी म्हणेल की आशाबाईंची भावगीतं आहेत, श्रीधर फडक्यांबरोबरचा ‘ऋतू हिरवा’ आहे, तिथे कुठे नटी होती? खरं आहे. पण ती गाणी पहिल्यापासूनच त्यांची होती. २००५ साली घडलं ते वेगळं. चेहऱ्याला जखडलेली गाणी चेहऱ्यापासून सोडवली गेली. झीनत नाही, हेलन नाही, कॅबरेचा रंगमंच नाही. गाणं ज्या देहातून निघालं त्या देहाकडे परत आलं, तो आता सत्तरीचा आहे आणि ते लपवायचं कारण उरलेलं नाही. पडद्यामागची बाई पुढे आली. क्रोनॉसने आणलं ते हे. त्यांच्या व्हायोलिनांत सिनेमाचा गालिचा नाही, म्हणून आवाजाला लपायला जागाच उरली नाही.

पाश्चात्त्यांकडे उत्तरवयीन शैलीविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि आमच्या मित्रांनी त्यातली नावं पेरली आहेत, म्हणून दोन शब्द. आडोर्नोने १९३७ साली बेथोव्हेनच्या शेवटच्या रचनांवर एक छोटासा निबंध लिहिला. एडवर्ड सैद यांचं ‘ऑन लेट स्टाइल’ त्यांच्या मृत्यूनंतर २००६ साली आलं. मुद्दा असा, की थोर कलावंत म्हातारपणी शहाणा, शांत, प्रसन्न होतो हा समज खोटा आहे. खरा थोर कलावंत शेवटी अवघड, हट्टी, भंगलेला होतो. बेथोव्हेनने एका क्वार्टेटचा शेवट म्हणून अशी काही फ्यूग लिहिली की ऐकणारे गांगरले आणि १८२६ साली प्रकाशकाने त्याच्याकडून दुसरा शेवट लिहून घेतला. रॉकवाल्यांनी हा धडा आपापल्या परीने गिरवला. जॉनी कॅशची शेवटची ध्वनिमुद्रणं, २०१६ साली मरणाच्या दोन दिवस आधी आलेला डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’, त्याच वर्षीचा लिओनर्ड कोहेन. सगळीकडे मृत्यू दाराशी उभा.

आशाबाईंचा हा अल्बम त्या रांगेत बसत नाही, आणि मला तो जास्त आवडतो तो त्यासाठीच. शांत तो नाहीच, पण तिरसटही नाही. तो चावट आहे. त्यात नाच आहे, मस्करी आहे, बंगाली गाणी आहेत. आपल्याकडे दिवाळीला जसे अंक निघतात तशी बंगालात पूजेला नवी गाणी निघायची, आणि ‘एकटा देशलाई काठी जालाओ’सारख्या गाण्यात त्या सणाची ऊब आहे. मृत्यूचं सावट एका गाण्यात येतं आणि पुढचं गाणं लागताच बाजूला होतं. उत्तरवयात माणसाने एकतर संत व्हावं नाहीतर बंडखोर, असं पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडचे पंडित सांगतात. उत्तरवयात माणूस खेळकरही राहू शकतो, ही शक्यता दोघांनीही सोडली. सैद यांनी हा अल्बम ऐकला असता तर त्यांना एक प्रकरण वाढवावं लागलं असतं.

आता मित्रांच्या पदरात थोडं माप टाकतो. ‘दम मारो दम’विषयी त्यांचं निरीक्षण चूक नाही, त्यांनी दिलेलं कारण चूक आहे. अल्बमचं ते पहिलंच गाणं आणि माझ्या कानाला सर्वांत कच्चं. पण ते वयामुळे फसलेलं नाही. इथे मांडणी मूळ तबकडीच्या फार जवळ राहते, आवाजाला १९७१ च्या आवाजाशी शर्यत लावावी लागते, आणि ती शर्यत कुणीच जिंकू शकत नाही. जिथे आशाबाई त्या जुन्या आशाबाईंची नक्कल करतात तिथे अल्बम पडतो. जिथे त्या नक्कल सोडून देतात तिथे उभा राहतो. म्हणजे म्हाताऱ्या बाईने तरुण गाणं गायलं हा दोष नाही. तिने ते म्हाताऱ्या बाईसारखं पुरेसं गायलं नाही, एवढाच आहे.

राहिलं ‘शोभणं’. आपल्या मनात या शब्दामागे बालगंधर्व उभे आहेत. उतारवयात, शरीर साथ देत नसताना स्त्रीवेषात रंगभूमीवर येणारे बालगंधर्व पाहून ज्यांना वाईट वाटलं, त्यांनी ती हळहळ पुढच्या पिढ्यांना वारसा म्हणून दिली. ती खरी होती. पण तेच गंधर्व नुसते भजनाला बसले की श्रोते डोळे मिटून ऐकत. म्हणजे तक्रार गाण्याबद्दल नव्हतीच, दिसण्याबद्दल होती. ‘दम मारो दम’बद्दलही तसंच. त्याच बाई अभंगाला बसल्या असत्या तर आवाज उतरल्याचं कुणी बोललं नसतं, उलट ‘काय आर्तता आहे’ म्हटलं असतं. बाईचं वय झालं की तिच्या गाण्यातून शृंगार आणि खट्याळपणा वजा व्हावा, एवढीच ही मागणी आहे, आणि ती संगीताच्या नावाखाली केली जाते. याच दादरात सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकाची सगळी घडी मोडून दाखवली गेली आणि दादरकरांनी ती लाकडी बाकांवर बसून पाहिली. नाटकाला प्रयोग करू देणारे आपण गाण्याला मात्र संग्रहालयात ठेवून कुलूप लावतो.

आता या कुलपाची किल्ली यंत्राच्या हाती आली आहे. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आशाबाईंच्या आवाजाची नक्कल करण्याला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. प्रश्न कायद्याचा आहे, पण अभिरुचीचाही आहे. नक्कल करणाऱ्यांना कुठल्या आशाबाई हव्या असतात? सत्तरीच्या नव्हेत. त्यांना १९७३ च्या हव्यात, न थकणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या, मागाल ते गाणाऱ्या. योग्य वेळी थांबलेल्या. आमच्या मित्रांना कलावंताकडून जे हवं आहे ते पुरवायला यंत्र अगदी तयार आहे. यंत्राला जमणार नाही ते एकच: पंचम गेल्यानंतर अकरा वर्षांनी त्यांच्याच चालीसमोर उभं राहणं.

वाचकांना एक विनंती. ‘मेरा कुछ सामान’ची १९८७ ची आणि २००५ ची अशी दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, चित्र न पाहता. पहिलं जास्त सुंदर आहे, याबद्दल माझा वाद नाही. दुसरं जास्त खरं आहे, आणि सिनेमाच्या गाण्यात सुंदर पुष्कळ आहे, खरं फार थोडं. आशाबाईंच्या हजारो गाण्यांतून ठेवायचे अल्बम निवडायला मला सांगितलं तर हा पहिल्या पाचांत असेल. आमच्या मित्रांना हे मान्य नसेल तर पुढच्या दिवाळीत त्यांनी जरूर उत्तर लिहावं. फक्त लिहिण्यापूर्वी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकावा. पहिल्या गाण्यावर थांबू नये.